धोळावीरा: आधी पाणी पाहा, मग शहर

गुजरातेत कच्छमधल्या भुजहून खावडामार्गे निघालो. रणातल्या रस्त्याला लागलो तसं दोन्ही बाजूंना मैलोन्मैल पांढरं मीठ. त्या खाऱ्या रणात खडीर बेट आहे आणि त्यावर पाच हजार वर्षांपूर्वी वसलेलं हडप्पाकालीन धोळावीरा. बारमाही नदी नाही, पाऊस जेमतेम आणि बेभरवशाचा. तरी माणसं इथे सुमारे दीड हजार वर्षं राहिली. कशी, तेच बघायला डिसेंबरात गेलो होतो.

पहिल्या दिवशी थेट बालेकिल्ल्यावर चढलो आणि भिंतींपलीकडे काही उमगलं नाही. दुसऱ्या सकाळी ओढ्यांपासून सुरुवात केली. तुम्हीही तसंच करा. उत्तरेला मनसर, दक्षिणेला मनहर, दोन्ही फक्त पावसाळ्यात वाहणारे. त्यांवर दगडी बंधारे घालून पाणी शहराकडे वळवलं होतं. पूर्वेची बाजू पश्चिमेपेक्षा सुमारे 13 मीटर उंच आहे. तो उतार धरून तटबंदीच्या आत टाक्यांची माळ केली.

पूर्वेचं टाकं 73 मीटर लांब, 29 मीटर रुंद, साडेदहा मीटर खोल. सह्याद्रीतल्या गडांवरची कातळटाकी पाहिलेला माणूसही काठावर थबकतो. पायऱ्या पार खोलवर उतरतात, म्हणजे पाणी आटत जाईल तसं माणसाने खाली जायचं. बालेकिल्ल्यातली माणूस शिरेल एवढी गटारं सांडपाण्याची नाहीत, पावसाचं पाणी साठवणीकडे नेणारी आहेत. विहिरीच्या दगडावर दोर घासून पडलेल्या खाचा आहेत. माझ्या आजोळच्या विहिरीला अगदी अशाच होत्या. तिथून माझा पाय निघेना.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा. सावली जवळपास नाही, म्हणून उजाडताच आत शिरा आणि माणशी दोन लिटर पाणी बाळगा. पेट्रोल भुजलाच भरा. भचाऊ-रापरचा जुना रस्ता बराच लांब पडतो. संग्रहालय पाहायचं असेल तर शुक्रवार टाळा. मुक्काम एक रात्र तरी हवाच.

शहराला उतरती कळा लागल्यावर शेवटच्या रहिवाशांनी चौकोनी घरं सोडून गोल घरं बांधली. त्यांचे दगडी पाये चुकवू नका. परतताना बन्नीच्या गवताळ प्रदेशातल्या एखाद्या वस्तीत थांबा. तिथल्या भुंगा म्हणवणाऱ्या गोल मातीच्या घरांतून अजून चुलीचा धूर निघतो.