चिलखत अंगावर बसेपर्यंत : आमची वाटचाल

आमचा मूळ व्यवसाय ड्रेपरीचा, म्हणजे नाटकांना आणि शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांना कपडेपट भाड्याने देण्याचा. वडिलांनी तो पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर सुरू केला आणि ऐतिहासिक, पौराणिक, लोकनाट्य अशा सर्व प्रकारांचे कपडे हळूहळू जमवले. मावळ्यांचे अंगरखे, पगड्या, जिरेटोप आणि शेल्यांच्या पेट्या आजही आमच्या पोटमाळ्यावर आहेत; शिवजयंतीच्या आठवड्यात मात्र त्या सगळ्या रिकाम्या असतात. अशा दुकानातून आज विज्ञानकथांतल्या सैनिकांची, यंत्रमानवांची आणि अंतराळवीरांची चिलखते बाहेर पडतात, याचे नव्या ग्राहकांना नवल वाटते. आम्हाला वाटत नाही, कारण या कामात आमच्या उपयोगी पडले ते शिंपीकामच.

रंगभूमीवरचे चिलखत आम्ही पूर्वीही करत होतो. जाड नमदा, त्याला आतून बुकरम म्हणजे कडक अस्तर, वरून चंदेरी रंग आणि कडेने जरीची पट्टी, असे त्याचे स्वरूप असे. प्रेक्षक पंधरा-वीस फुटांवर आणि प्रकाशयोजना मदतीला, त्यामुळे ते लोखंडाचे नाही हे कोणाच्या लक्षात येत नसे. स्नेहसंमेलनातल्या रोबोसाठी पुठ्ठा आणि थर्मोकोल पुरत असे. खोके डोक्यावर, चंदेरी कागद अंगावर, आणि पालक खूश. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक व थर्मोकोलवर बंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा मखरवाल्यांप्रमाणे आम्हालाही दुसरे साहित्य शोधणे भाग पडले. तोवर मागणीचे स्वरूपही बदललेले होते.

भारतातले पहिले कॉमिक कॉन, म्हणजे चित्रकथांच्या आणि विज्ञानपटांच्या चाहत्यांचा मेळावा, २०११ मध्ये दिल्लीत भरले आणि लवकरच ते मुंबईतही भरू लागले. आवडत्या काल्पनिक पात्राचा पोशाख स्वतः बनवून, तो अंगावर घालून तिथे वावरायचे, ही हौस त्यानिमित्ताने आपल्याकडच्या तरुणांमध्ये रुजली. पुण्यात फिरोदिया करंडकासारख्या स्पर्धांमुळे महाविद्यालयीन मुलांना रंगमंचावर काहीतरी अजब उभे करण्याची सवय होतीच. ही मुले घरी, गच्चीवर किंवा हॉस्टेलच्या खोलीत फोमपासून चिलखत बनवत आणि शेवटच्या क्षणी आमच्याकडे येत. त्यांची मागणी एकच असे: "काकू, फक्त पट्टे लावून द्या." वस्तू दिसायला सुरेख असे, छायाचित्रात तर फारच, पण ती घालून हात वर केला की छातीची पाटी हनुवटीला लागे, आणि बसायचे म्हटले तर पोटाचा भाग वर सरकून गळ्याशी येई. आमच्या व्यवसायाचा हा नवा भाग असा दुरुस्तीपासून सुरू झाला. बनवणारे पुष्कळ होते. अंगावर बसवून देणारे कोणी नव्हते.

आमचे कारागीर, ज्यांना वडिलांच्या काळापासून सगळे मास्तर म्हणतात, त्यांनी अशी पहिली काही चिलखते पाहून एकच शेरा मारला होता: "हे सगळं उभ्या माणसाचं माप आहे." शिंपी माप घेताना ग्राहकाला बसायला आणि हात पुढे करायला लावतो, कारण बसल्यावर मांडीचा आणि कमरेचा घेर वाढतो आणि हात पुढे घेतल्यावर पाठीची रुंदी वाढते. कापड तो फरक थोडाफार सोसते; फोम किंवा प्लास्टिक अजिबात सोसत नाही. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक माप दोनदा लिहिले जाते, एकदा उभ्याने आणि एकदा बसून, आणि चिलखताचे तुकडे कोठे तोडायचे हे त्या दोन आकड्यांतल्या फरकावरून ठरते.

तोडण्याचा हा विचार नवा नाही. मोगल काळातल्या आणि त्यानंतरच्या हिंदुस्थानी चिलखतांत चार-आईना नावाचा प्रकार आहे. त्यात छातीवर एक, पाठीवर एक आणि दोन्ही कुशींना एकेक अशा चार पोलादी पाट्या असतात आणि त्या पट्ट्यांनी व बकलांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. काखेच्या खाली पाटी खोलगट कापलेली असते, म्हणजे हात मोकळा फिरतो. विज्ञानपटांतले पांढरे, गुळगुळीत चिलखतही वस्तुतः याच तत्त्वावर चालते. 'स्टार वॉर्स'च्या १९७७ च्या पहिल्या चित्रपटातल्या सैनिकांसाठी प्लास्टिकचे पातळ पत्रे तापवून, निर्वात पद्धतीने साच्यावर ओढून घेतले होते, आणि पडद्यावर अखंड दिसणारा तो पोशाख प्रत्यक्षात अनेक सुट्या कवचांचा असून ती इलॅस्टिक आणि पट्ट्यांनी अंगाला धरलेली होती. अमेरिकेत १९९७ मध्ये अल्बिन जॉन्सन आणि त्यांच्या मित्राने स्थापन केलेल्या '५०१ वी लीजन' या हौशी संघटनेने अशा प्रत्येक पोशाखासाठी तपशीलवार निकष ठरवलेले आहेत. कोठे किती फट चालेल, कोठला पट्टा दिसता कामा नये, हे त्यांत इतके काटेकोर लिहिलेले असते की आमच्या मास्तरांना ते वाचून दाखवले तेव्हा ते प्रथमच या विषयाला गंभीरपणे घेऊ लागले.

आम्ही मुख्यतः ईव्हीए फोम वापरतो, म्हणजे चपलांच्या तळव्यांत असतो तोच. छातीसाठी आणि खांद्यांसाठी १० मिलिमीटर, हातापायांसाठी ६ आणि वरच्या नक्षीसाठी २ ते ४ मिलिमीटर जाडीचे तक्ते लागतात. सुरुवातीला आम्ही ते बोहरी आळीतून किरकोळ आणत असू. पुढे मुंबईच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत, जिथे पादत्राणांचा मोठा व्यवसाय चालतो, तिथून घाऊक आणू लागलो. चांभारकामातले रबर सोल्युशनही तिथेच मिळते.

या फोमची जाडी हीच घरी काम करणाऱ्यांची मुख्य अडचण असते आणि तिच्यावर जरा सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. शिंप्याच्या हिशेबात कापडाला जाडी नसते. छाती ३८ इंच असेल तर ३८ अधिक मोकळीक असे कापले की काम झाले. पण १० मिलिमीटरचा तक्ता गोल वळवला की त्याच्या आतल्या अंगाचा आणि बाहेरच्या अंगाचा घेर वेगळा होतो, आणि हा फरक माणूस जाड असो वा बारीक, जवळजवळ अडीच इंच येतो, कारण तो जाडीच्या दुपटीला पायने (π, म्हणजे साधारण ३.१४ ने) गुणून निघतो. म्हणजे सपाट तक्ता अंगाच्या मापाइतकाच कापला तर आतला थर दबतो, बाहेरचा ताणतो आणि कवच सव्वा इंचाने तरी घट्ट होते. त्यातही छाती काही नळीसारखी सरळ नसते. तिथे ब्लाउजला घालतात तसे टक्स घालावे लागतात, फक्त ते शिवायचे नसून पाचरीसारखा तुकडा कापून दोन्ही कडा चिकटवायच्या असतात. कडा काटकोनात कापायच्या की तिरप्या, हे वळणाच्या कोनावर अवलंबून असते. ज्यांनी आयुष्यभर ब्लाउज बेतले त्या आमच्या दोन भगिनींना हे समजावण्यात काहीच वेळ गेला नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मात्र त्रिमितीय आराखडा संगणकावर असूनही ते पटकन उमगत नाही, हे मी कौतुकाने नव्हे तर अनुभवाने लिहिते.

बेतण्याची आमची पद्धत साधी आहे. ग्राहकाला जुना टी-शर्ट घालायला सांगून त्याच्या अंगावर स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळायची, तिच्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन थर द्यायचे आणि त्या कवचावर पेनाने चिलखताच्या सर्व रेषा आखायच्या. नंतर ते रेषांवरून कापून सपाट केले की त्या माणसाचाच खाका हाती येतो. हेल्मेटसाठी मात्र संगणकाची मदत घेतो. त्रिमितीय आकाराचे कागदी घडीकामात रूपांतर करणारी पेपाकुरा नावाची जपानी प्रणाली हौशी लोकांत अनेक वर्षे रूढ आहे. तिच्यातून जाड कागदाची प्रत आधी जोडून डोक्यावर घालून पाहायची आणि मगच फोम कापायचा, असा आमचा नियम आहे. चित्रातल्या पात्राचे खांदे माणसापेक्षा कितीतरी रुंद काढलेले असतात. तेवढे रुंद खांदे आपल्याला शोभत नाहीत आणि हेल्मेट मूळ प्रमाणात ठेवले तर डोके हंड्याएवढे दिसते. अशा वेळी छायाचित्राशी इमान राखायचे की माणसाच्या बांध्याशी, यावर ग्राहकाशी बरीच चर्चा होते. आम्ही बांध्याच्या बाजूने असतो.

चिकटवण्याचे काम संयमाचे आहे. सोल्युशन दोन्ही कडांना लावून दहा-पंधरा मिनिटे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत सुकू द्यायचे आणि मग एकदाच नेमके जुळवायचे. एकदा टेकले की सरकत नाही. त्याआधी हीटगनने, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्राने, फोम तापवला तर तो वळवल्या आकारात थंड होतो आणि त्याच्या पृष्ठभागावरची छिद्रेही मिटतात, त्यामुळे रंग कमी शोषला जातो. सोल्युशनचा वास आणि घासताना उडणारी भुकटी यांमुळे हे काम वाड्यात करणे योग्य नव्हते. शेजाऱ्यांनी तक्रार करण्याची वाट न पाहता आम्ही धायरीत एक शेड भाड्याने घेतली, तिथे मोठे पंखे बसवले आणि मुखवट्याशिवाय घासायला बसायचे नाही असा दंडक घातला.

आता पट्ट्यांबद्दल, कारण आमचे नाव झाले ते पट्ट्यांमुळे. घरी बनवणारे बहुतेक जण वेल्क्रो थेट फोमवर चिकटवतात आणि तो दुपारपर्यंत घामाने सुटतो. आम्ही आधी सुती कापडाची घट्ट बंडी शिवतो. तिच्या खांद्यांवर नवारपट्टी असते आणि चिलखताचे सर्व वजन त्या पट्टीवर येते, फोमवर नाही. छाती आणि पाठ खांद्याशी क्लिपच्या बकलांनी जोडतो आणि कुशीला रुंद इलॅस्टिक ठेवतो, म्हणजे श्वास घेताना कवच फुगते व मिटते. दंडाचे कवच खांद्याच्या पट्टीला टांगलेले, मांडीचे कवच कमरपट्ट्याला टांगलेले, आणि पोटरीचे मागून उघडणारे असावे. टिचबटणे लावायची तर ती फोमला नव्हे, फोमवर चिकटवलेल्या रेक्झिनच्या तुकड्याला लावावीत. फोममधून ती उपटून येतात.

पहिले फिटिंग रंगाच्या आधी होते. ग्राहकाला खुर्चीवर बसायला, खालची वस्तू उचलायला, दोन्ही हात डोक्यावर न्यायला आणि शेडचा जिना चढायला सांगतो. जिथे घासते तिथे मास्तर खडूने खूण करतात. काख, जांघ आणि गुडघ्याची मागची बाजू या तीन जागा जवळजवळ प्रत्येक वेळी निघतात. तिथे अर्धा इंच कापला आणि कड तिरपी घासली की प्रश्न सुटतो. दुसऱ्या फिटिंगला ग्राहकाने सोबतचा माणूस आणावा असा आग्रह धरतो, कारण हे पोशाख एकट्याने घालता येत नाहीत. घालण्याचा क्रमही त्यालाच शिकवावा लागतो: आधी बूट आणि पोटऱ्या, कारण छाती चढवल्यावर वाकता येत नाही; मग मांड्या, कमरपट्टा, पोट, छाती-पाठ, खांदे, हात, हातमोजे, आणि सर्वांत शेवटी हेल्मेट. स्वच्छतागृहाला जायचे तर काय काय काढावे लागेल, हा प्रश्न संकोचाने कोणी विचारत नाही, म्हणून तो आम्हीच आधी काढतो.

हेल्मेटमध्ये संगणकाचा लहान पंखा आणि खिशात पॉवर बँक ठेवली तर काच धुक्याने भरत नाही. तरी ऐकू कमी येते आणि पायाखालचे तर दिसतच नाही. आपल्या हवेत अर्ध्या तासाने ते उतरवून पाणी प्यावे, असे पावतीवर छापलेले आहे. दहा वर्षांखालील मुलांना बंद हेल्मेट आम्ही देत नाही. पालक रागावतात, पण चेहरा मोकळा ठेवणारा टोप देतो.

रंगकामाबद्दल फार लिहीत नाही. रबरासारखा लवचीक थर आधी, ॲक्रिलिक नंतर, आणि कडांवर कोरड्या ब्रशाने चंदेरी ओढला की पत्रा झिजल्यासारखा दिसतो. हे काम पाहून शिकता येते आणि त्यात आमच्यापेक्षा हुशार मुले पुष्कळ आहेत.

२०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली तेव्हा कपडेपटाचे उत्पन्न थांबले. त्या काळात घरी बसलेल्या हौशी लोकांना मापानुसार कापलेले तुकडे आणि शिवलेली बंडी कुरिअरने पाठवण्याचे काम आम्ही सुरू केले. जोडणी आणि रंग त्यांनी करायचे. आज विदर्भ-मराठवाड्यापासून गोव्यापर्यंत असे संच जातात. उन्हाळ्यात पाठवायच्या संचात थ्री-डी प्रिंटचे भाग घालत नाही, कारण त्या छपाईत वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडते आणि बंद गाडीत उन्हाने तितके तापमान होणे अवघड नाही. फोमही दाबून ठेवला तर पोक धरतो, म्हणून खोके मोठे लागते आणि वाहतुकीचा खर्च वाढतो. त्याला अद्याप तोड सापडलेली नाही.

जाहिरात कंपन्यांकडूनही कामे येतात. त्यांना प्रसिद्ध चित्रपटातल्या पात्राची हुबेहूब प्रत हवी असेल तर आम्ही लेखी परवानगी मागतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या सैनिकाचे हेल्मेट हे शिल्प नव्हे, म्हणून त्याला शिल्पासारखे कॉपीराइटचे संरक्षण नाही, असा निर्णय दिला होता. पण तो तिथल्या कायद्यापुरता आहे आणि त्याच्या भरवशावर इथे धंदा करणे मला पटत नाही. स्वतःची रचना करून घेण्यास तयार असणारे ग्राहक आता वाढू लागले आहेत, आणि मास्तरांना ती कामे अधिक आवडतात, कारण त्यांत कोठे सांधा ठेवायचा हे ठरवण्याची मोकळीक असते.

डिसेंबरमधल्या स्नेहसंमेलनांसाठी आणि हिवाळ्यातल्या कॉमिक कॉनसाठी मापे आम्ही दिवाळीपूर्वी घेतो. फराळानंतर घेर बदलतो हे गृहीत धरून कुशीच्या इलॅस्टिकमध्ये एक इंच जास्त ठेवलेला असतो, आणि तो ग्राहकाला सांगितलेला नसतो.