गप्प मुलीचे ओठ

आमच्या बालवर्गातली चार वर्षांची एक मुलगी तीन महिने वर्गात एक शब्दही बोलली नव्हती. वर्गाची भाषा तिच्या घरात कोणीच बोलत नसे. ‘‘बाई, हिच्या डोक्यात काही शिरतंय का हो?’’ असे तिच्या आईने मला काकुळतीने विचारले, त्याच आठवड्यात मी तिला रंगकामाच्या टेबलापाशी पाहिले. शेजारचा मुलगा ‘आता माझा नंबर’ म्हणाला, की ही मान खाली घालून, ब्रश पाण्यात बुडवता बुडवता, तेच तीन शब्द ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती. मी वाकले नसते तर ते मला ऐकूही आले नसते.

घरची भाषा इथे कोणाला कळत नाही हे ध्यानात आले, की बरीच मुले अशी गप्प होतात. कोणी काही आठवडे, कोणी कित्येक महिने. भाषाशास्त्रज्ञ मुरिएल सेव्हिल-ट्रॉइक यांनी इंग्रजी वर्गांत आलेल्या चिनी, जपानी आणि कोरियन मुलांचे हे पुटपुटणे मायक्रोफोन लावून टिपले होते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, गप्प दिसणारी मुले इतरांचे शब्द हळूच म्हणून पाहत होती आणि पुढे बोलायच्या वाक्याची तालीमही करत होती.

मात्र ‘भाषा आली की बोलेल’ म्हणून प्रत्येक मौन सोडून देणे मला धोक्याचे वाटते. निवडक मौन, म्हणजे एरवी बोलणाऱ्या मुलाला काही ठराविक ठिकाणी बोलताच न येणे, हा चिंतेचा विकार आहे आणि तो असलेली मुलेही घरी बहुधा मोकळेपणाने बोलतात. त्यामुळे ‘घरी बडबडते ना’ एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. मूल घराबाहेर, परक्या माणसाशी, स्वतःच्याच भाषेत बोलते का, हे विचारायला हवे. तिथेही ते महिनोन्‌महिने मूक राहत असेल, तर तज्ज्ञांना दाखवण्यात दिरंगाई करू नये.

मी तिच्या आईला हेच विचारले. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या, त्यांचीच भाषा बोलणाऱ्या एका आजींना ती रोज काहीतरी सांगत असते, असे आईने सांगितले. मग घरी आता वर्गाचीच भाषा सुरू करू का, असा तिचा पुढचा प्रश्न होता. तसे मुळीच करू नका, तुमच्याच भाषेत तिच्याशी भरपूर बोला, असे मी तिला सांगितले. मीही त्या दिवसापासून ‘बोल ना’ म्हणणे सोडले आणि रंगांच्या टेबलापाशी तिच्या शेजारी बसून, उत्तराची वाट न पाहता, आम्ही काय करतो आहोत ते सावकाश सांगत राहिले.