मियाटाची वही : सहा महिने, ५,२०० मैल

मंडळी, फेब्रुवारीत गाडी घरी आणली तेव्हा ३१,४०० मैल झाले होते, आज ३६,६०० झालेत. गाडी २०१९ ची माझदा एमएक्स-५, म्हणजेच मियाटा, दोन सीटची, क्लब ट्रिम, सहा गिअर, कापडी टप. हेच साल मिळावं म्हणून मी वर्षभर थांबलो होतो. त्या वर्षी माझदाने दोन लिटरच्या इंजिनातले पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हलके केले. १५५ ची १८१ अश्वशक्ती झाली आणि लाल रेघ, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा, मिनिटाला ६,८०० वरून ७,५०० वर गेली. वजन साधारण १,०६० किलो. यापलीकडे ताकद वाढवायची मला गरज वाटत नाही, त्यामुळे टर्बो बसवणार का असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर तूर्तास नाही असंच आहे.

आधी हातांबद्दल लिहितो, कारण या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त काम तिथेच झालं. गाडी मी शिकलो वाईजवळच्या पसरणी घाटात, बाबांच्या मारुती ८०० वर. कॅलिफोर्नियात आल्यावर मात्र बारा वर्षं ऑटोमॅटिकच चालवली. क्लच पायाला आठवत होता. गिअर मात्र डाव्या हातात बसलेला, आणि इथे तो उजवीकडे. पहिले दोन आठवडे गिअर बदलायची वेळ आली की डावा हात दारावर आपटायचा. उजव्या हाताला तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना जोर कुठे द्यायचा हेच कळत नव्हतं. मी दांडा उगाच आपल्याकडे ओढायचो. आता तो तळव्याने नुसता डावीकडे टेकवतो आणि मागे घेतो. या गिअरबॉक्सला ओढाताण आवडत नाही, वाट दाखवली की दांडा आपणहून आत जातो.

दुसरी सवय मोडायला जास्त वेळ लागला. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये पाय सतत क्लचवर टेकवून ठेवायची खोड लागते. त्याने क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग विनाकारण झिजतं. आता गिअर पडला की डावा पाय डेड पेडलवर, म्हणजे क्लचशेजारच्या पाय टेकायच्या पट्टीवर.

रेव्ह मॅचिंगचं, म्हणजे खालचा गिअर टाकताना इंजिनाच्या फेऱ्या आधीच जुळवून घेण्याचं गणित नव्या लोकांसाठी मांडतो, मला त्याचाच उपयोग झाला. तिसऱ्याचं गुणोत्तर २.०३५, दुसऱ्याचं २.९९१. म्हणजे तिसऱ्यात ३,००० आरपीएमवर, साधारण ३७ मैलांच्या वेगाने वळणाकडे येत असाल तर दुसरा टाकल्यावर इंजिन ४,४०० ला पोचायला हवं. ही १,४०० ची वाढ क्लच दाबलेला असताना ॲक्सिलरेटरच्या एका टिचकीने द्यायची. दिली नाही तर ते काम क्लच घासून करतो आणि मागची चाकं क्षणभर अडखळतात. मी महिनाभर फक्त हेच केलं, ब्रेक न लावता, सरळ रस्त्यावर. हील-टोला, म्हणजे एकाच पावलाने ब्रेक दाबत ॲक्सिलरेटरला टिचकी देण्याला, त्यानंतर हात घातला. ॲक्सिलरेटर जमिनीला बिजागरलेला असल्याने पावलाची उजवी कड टेकवायला सोपा जातो, पण ब्रेक पुरेसा जोरात दाबलेला असेल तरच दोन्ही पेडल एका पातळीत येतात. हळू ब्रेक लावून सराव केलात तर पाय पोचणारच नाही.

आता कामं. टायर पहिले बदलले, २०५/४५ आर १७ याच मापाचे पण २०० ट्रेडवेअरचे, म्हणजे मऊ रबराचे, पकड जास्त पण लवकर झिजणारे. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं : कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) पुढे उणे १.३ अंश, मागे उणे १.६, पुढचा टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) शून्य. हे सगळं कंपनीच्याच बोल्टांवर बसलं, वेगळा भाग लागला नाही. फरक इतका मोठा की गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग घ्यायचा बेत मी सोडून दिला. पार्ट शोधत बसण्याआधी एक चांगलं अलाइनमेंट करून घ्या, हे अगदी कळकळीने सांगतो. हवा २९ पीएसआय, थंड टायरमध्ये मोजून.

याच कामात एक स्टड, म्हणजे चाकाचा नट ज्यावर बसतो तो खिळा, तुटला. आधी कोणत्या तरी गॅरेजात इम्पॅक्ट गनने नट वाट्टेल तसे आवळले होते. चाकाला मुळात चारच नट, त्यातला एक गेला म्हटल्यावर गाडी दोन दिवस उभीच ठेवली. आता नट किती आवळला ते मोजणाऱ्या टॉर्क रेंचशिवाय चाकाला हात लावत नाही, ८५ फूट-पाउंड.

जड स्टीलचा गिअर नॉब बसवला आणि काढलाही. दांडा सहज जायचा, पण दात कुठे बसले हे हाताला कळेनासं झालं, शिवाय टप उघडा ठेवून उन्हात उभी केली की हात लावायची सोय नाही. ब्रेक पॅड आणि डॉट-४ ब्रेक फ्लुइड नवं. एक्झॉस्ट तसाच आहे. इथे कॅलिफोर्नियात आवाजाला ९५ डेसिबलची मर्यादा आहे आणि पहाटे शेजाऱ्यांना उठवायचं नाही. टपाच्या कडेची पाणी जायची भोकं मात्र सगळ्यांनी तपासा. रेडवुडच्या झाडाखाली गाडी लावता तेव्हा ती काटक्यांनी भरतात आणि पाणी सीटमागे साचतं.

रविवारी सकाळी सहाला निघतो. स्कायलाइन या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्याने, अ‍ॅलिसेस रेस्टॉरंटच्या चौकात डावीकडे महामार्ग ८४ ला वळून ला होंडामार्गे खाली समुद्राकडे. उतारावर मला बाबांचं एकच वाक्य ऐकू येतं : "ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर." दुसऱ्यात सोडून दिली की इंजिन गाडी धरून ठेवतं, ब्रेक थंड राहतात आणि धुक्यात झाडांच्या मधून तो गुरगुरता आवाज परत कानावर येतो. दुसरा गिअर लाल रेघेपर्यंत ताशी ६३ मैल देतो, म्हणजे त्या रस्त्यावर गाडी पुरती खेचणं कायद्यात बसतच नाही. त्यासाठी सप्टेंबरात पहिल्यांदा ऑटोक्रॉसला, म्हणजे मोकळ्या जागेत शंकू मांडून घेतलेल्या वेळेच्या शर्यतीला, नाव घातलंय.

या शनिवारी गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल. आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट सैल होतो का बघायचं, मगच खालचा, तेल सोडायचा काढायचा. नाहीतर तेल सांडून बसतं आणि वरचा बोल्ट हलत नाही.

बाबा नोव्हेंबरात येताहेत. परवा फोनवर त्यांनी तब्येतीआधी विचारलं, "उजव्या हाताने गिअर टाकता येतो का रे?" ऑफिसमागचं पार्किंग रविवारी सकाळी रिकामं असतं. तिथे त्यांच्या हातात किल्ली द्यायची ठरवलीय.