आण्णांची पिशवी आणि चौदा आकडे

२०२४ च्या दिवाळीला आण्णा आणि आई कऱ्हाडहून आमच्याकडे पुण्याला आले होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आण्णांना दरदरून घाम फुटला आणि ते बाथरूमच्या दारातच खाली बसले. रुग्णालयात नेलं तेव्हा साखर ५२ वर आली होती. सलाइनमधून ग्लुकोज गेल्यावर अर्ध्या तासात ते नीट बोलायला लागले. मग ड्युटीवरच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन विचारलं, "क्रिएटिनिन १.७ आहे. हे आधीपासून इतकंच आहे की आत्ता वाढलंय?"

किडनी मंदावली की रक्तात वाढणारा हा घटक आण्णांचा आधी किती होता, हे आम्हा तिघांपैकी कोणालाच सांगता आलं नाही. अँजिओप्लास्टी कोणत्या साली झाली, यावरही आई आणि आण्णांचं एकमत होईना. आई एवढंच म्हणत राहिली, "सगळं पिशवीत आहे हो." आणि पिशवी कऱ्हाडच्या घरात, देवघराशेजारच्या खुंटीला.

शेजारच्या काकूंना फोन करून कुलूप उघडायला लावलं. त्यांनी बिचाऱ्यांनी मिळतील त्या कागदांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. डिस्चार्ज कार्डावरच्या नेमक्या हव्या त्या ओळीवर कागदाची घडी पडलेली. दुसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी साखरेची गोळी निम्मी केली आणि सांगितलं की जुने रिपोर्ट घेऊन महिन्याभरात किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. तेव्हाच मी ठरवलं, आण्णांचे सगळे कागद फोनमध्ये आणायचे आणि त्यांचं आभा खातं काढायचं.

आभा म्हणजे काय, याबद्दल आमच्या घरातच गोंधळ होता, म्हणून आधी ते सांगते. हा १४ आकडी क्रमांक आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा आहे. हे मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. आभा काढला म्हणून उपचार फुकट होत नाहीत. उपचारांचा खर्च ज्यातून निघतो ते आयुष्मान कार्ड वेगळं. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी वय वंदना कार्ड आलं, तेही वेगळं. आभाचं काम एवढंच की वेगवेगळ्या ठिकाणी तयार झालेले तुमचे रिपोर्ट तुमच्या एकाच ओळखीखाली यावेत. ते रिपोर्ट सरकारच्या एखाद्या मोठ्या गोदामात जाऊन पडत नाहीत. ज्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये तयार झाले तिथेच राहतात आणि तुम्ही परवानगी दिलीत तरच दुसऱ्या डॉक्टरांसमोर उघडतात. आणि हे ऐच्छिक आहे. आभा नाही म्हणून कोणी उपचार नाकारू शकत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यात चार दिवस रजा टाकून मी कऱ्हाडला गेले. आण्णा एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे कागद जपून ठेवायची सवय पक्की. एकही कागद फेकलेला नव्हता. पण सगळे ज्या क्रमाने आले त्या क्रमाने एकावर एक रचलेले, मेडिकलच्या बिलांसकट. जाजम अंथरून आम्ही दोघं बसलो. मी साल वाचायचे, आण्णा गठ्ठा लावायचे. अँजिओप्लास्टी २०१६ ची निघाली. तेव्हाच्या ईसीजीच्या पट्ट्या मात्र कोऱ्या झाल्या होत्या. तो कागद उष्णतेने छपाई होणारा असतो, काही वर्षांत अक्षर उडून जातं, हे मला तेव्हा कळलं. अँजिओग्राफीची सीडी होती, पण ती चालवायला घरात यंत्र नाही. गावातल्या फोटो स्टुडिओवाल्याने त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवरून ती पेनड्राइव्हवर उतरवून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

तुमच्या घरी असे कागद असतील तर ईसीजीचे फोटो आजच काढून ठेवा, बाकीचं सावकाश करा.

गठ्ठे लावताना आण्णांनी एक कागद हळूच बाजूला काढला आणि शर्टच्या खिशात घातला. निवृत्तीनंतरच्या वर्षी त्यांना झोप लागेना, मन कशात लागेना, तेव्हाची ती चिठ्ठी होती. "हा नको घालू त्यात," म्हणाले. मी काही विचारलं नाही. त्यांची चिठ्ठी होती ती.

आता आभा. आधार क्रमांक टाकला की आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, बाकी काम दोन मिनिटांचं. आण्णांच्या आधारला जो नंबर जोडलेला होता ते सिम बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणजे आधी आधार केंद्र. तेव्हा नंबर बदलायला कागदपत्रं लागत नव्हती, पण माणूस स्वतः जावा लागायचा आणि बोटांचे ठसे जुळावे लागायचे. आण्णांचे ठसे जुळेनात. तीस वर्षं तिकिटं फाडली आणि सुट्टे मोजले, त्यातून शेती, त्या बोटांवर रेषा उरणार कुठून? केंद्रावरच्या मुलीने हात ओल्या फडक्याने पुसायला लावले, पुन्हा पुन्हा ठेवून पाहिले, शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवरून काम झालं. पन्नास रुपयांची पावती मिळाली आणि थांबा म्हणाले. दहाव्या दिवशी आण्णांचा फोन आला, "मेसेज आलाय." मी पुण्यातून आकडे टाकत गेले, त्यांनी ओटीपी वाचून दाखवला आणि त्या संध्याकाळी त्यांचा क्रमांक तयार झाला.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हा ओटीपी आण्णांनी मला सांगितला, कारण मी त्यांची मुलगी आहे आणि फोन मी केला होता. त्यानंतर आठवड्याभरातच त्यांना दुसरा एक फोन आला, "तुमचं आभा कार्ड अपडेट करायचंय, नंबर सांगा." आण्णांनी फोन ठेवून दिला. गावाकडच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला हे समजावून सांगायला हवं, नुसतं कार्ड काढून देऊन भागत नाही.

आता वाटलं, सगळे जुने रिपोर्ट आपोआप दिसतील. तसं होत नाही. दवाखान्याची यंत्रणा या मिशनशी जोडलेली असेल तरच तिथली नोंद येते, आणि ती शोधताना मोबाइल नंबर, नाव, लिंग, जन्मसाल हे सगळं पडताळलं जातं. ज्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली तिथल्या नोंदीत आडनाव आधी, मग नाव, इंग्रजी स्पेलिंग वेगळं आणि मोबाइल माझ्या भावाचा. जन्मतारीख १ जून १९५३. त्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख लावली. आधारवर नुसतं १९५३ साल आहे. साल जुळलं, बाकी काही जुळेना. रिसेप्शनवर तीनदा समजावल्यावर त्यांनी नाव आणि नंबर दुरुस्त केला. पण २०१६ ची फाइल त्यांच्याकडे कागदावरच होती, कॉम्प्युटरमध्ये नव्हतीच. म्हणून जुनं सगळं मी स्वतः स्कॅन करून आभाच्या ॲपमध्ये चढवलं. प्रत्येक फाइलच्या नावात आधी साल, मग महिना, मग काय आहे ते. दोन रात्री गेल्या.

आणि दुसऱ्या रात्री ते दिसलं.

मी सहज म्हणून एका वहीत क्रिएटिनिनचे आकडे सालाप्रमाणे एकाखाली एक लिहिले. २०१८ मध्ये १.०. २०२० मध्ये १.२. २०२२ मध्ये १.३. २०२३ मध्ये १.५. आणि या नोव्हेंबरात १.७. रिपोर्ट तीन वेगवेगळ्या लॅबचे होते. पहिले तिन्ही आकडे त्या त्या लॅबच्या मर्यादेत बसणारे, म्हणून एकही ठळक अक्षरात छापलेला नव्हता. प्रत्येक डॉक्टरांनी आपल्यासमोरचा एक कागद पाहिला आणि ठीक आहे म्हणून परत दिला. त्यात कोणाची चूक म्हणावी, मला अजून सांगता येत नाही. पाचही आकडे एका नजरेत येतील असं कोणासमोर कधी आलंच नव्हतं. ती वही समोर धरून मी बराच वेळ बसून होते. सहा वर्षं आण्णांची किडनी मंदावत होती आणि त्याची नोंद आमच्याच खुंटीला टांगलेली होती.

डिसेंबरमध्ये पुण्यातल्या किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथल्या ओपीडीत भिंतीवर क्यूआर कोड होता. आण्णांच्या फोनवरून स्कॅन केला, नाव-पत्ता आपोआप गेला आणि टोकन नंबर आला. रांग चुकली. मागे भोरकडून आलेल्या एक मावशी बटणांचा फोन हातात धरून विचारत होत्या, "ताई, माझं पण काढ की." त्यांना तसं करता येत नव्हतं. त्या साध्या रांगेतच उभ्या राहिल्या. सरकारी योजनेच्या रुग्णालयांत जसा आरोग्यमित्र बसतो, तसा एक माणूस या भिंतीपाशीही बसवायला हवा. गावात आशाताई घरोघर जाऊन आभा काढून देतात, मग शहरातल्या रुग्णालयाला हे अवघड का जावं?

आत डॉक्टरांनी त्यांच्या कॉम्प्युटरवरून रिपोर्ट पाहण्याची परवानगी मागितली. आण्णांच्या फोनवर विनंती आली. कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि ही परवानगी कधी संपणार. आण्णांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. डॉक्टर थांबले, घाई केली नाही, याचं मला फार बरं वाटलं. आण्णांनी विचारलं, "नंतर बंद करता येतं का?" येतं म्हटल्यावर त्यांनी मुदत एक महिन्याची केली आणि मग हो म्हणाले. बहात्तरीला आलेल्या माणसाला आपल्या शरीराच्या कागदांबद्दल कोणी असं विचारण्याची ती पहिली वेळ असावी.

पाच आकड्यांची ओळ डॉक्टरांनी दहा सेकंदांत वाचली. "हे आत्ताचं नाही, हळूहळू होत आलंय," म्हणाले. वय धरून हिशेब केला तर किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते तो आकडा साधारण ४२ वर आलेला, २०१८ ला तोच ८० च्या वर होता. साखरेची जी गोळी आण्णा वर्षानुवर्षं त्याच मात्रेत घेत होते, ती किडनी मंदावल्यावर शरीरात रेंगाळते आणि साखर नको तितकी उतरवते. दिवाळीतल्या त्या पहाटेचं उत्तर तिथे मिळालं. ती गोळी बदलली. लघवीतून प्रथिनं जातात का ते तपासायला सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, "गुडघ्यांसाठी काही घेता का?"

आण्णा माझ्याकडे बघायला लागले. घेत होते. चार वर्षं, थंडीत तर रोज, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तोंडी मागून आणलेली दुखण्याची गोळी. कोणत्याही चिठ्ठीवर नाही, कोणत्याही रिपोर्टात नाही, मी दोन रात्री जागून स्कॅन केलेल्या १३८ पानांत कुठेही नाही. किडनीला सगळ्यात जास्त अपाय कदाचित तिचाच झाला असेल, असं डॉक्टर म्हणाले. ती त्याच दिवशी बंद झाली. तेव्हापासून मी ॲपमध्ये एक वेगळं पान ठेवलंय. आण्णा चिठ्ठीशिवाय जे घेतात ते सगळं त्यावर, काढ्यापासून चूर्णापर्यंत. दर रविवारी फोनवर विचारते आणि लिहिते.

मार्चमध्ये क्रिएटिनिन १.५ आलं. तो रिपोर्ट लॅबमधून थेट आण्णांच्या आभात आला आणि माझ्या आधी त्यांनीच पाहिला. मला फोन करून म्हणाले, "पाच आलाय बघ, सात नाही."

आईचं अजून राहिलंय. तिच्या १९८८ च्या ऑपरेशनच्या कागदावर माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं, आणि राख लावून भांडी घासून घासून तिचेही ठसे उमटत नाहीत. येत्या गुरुवारी तिला घेऊन आधार केंद्रावर जायचं आहे. आण्णा म्हणालेत, बुबुळांचं यंत्र चालू आहे का ते आदल्या दिवशी ते स्वतः जाऊन विचारून येतील.