ओर्टमनबाईंचा माळा

आम्सटरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये शिरल्याबरोबर आमच्यातले सगळे रेम्ब्रांटच्या चित्रांकडे वळले. मी विचारत विचारत बाहुलीघरांच्या दालनात गेले. मनात आजोळची भातुकली होती: पितळी बंब, जातं, बोटाएवढी पळी. समोर मात्र अडीच मीटर उंचीचं कपाट उभं! अंगावर कासवाच्या कवचाचं मढवणं, त्यात कथलाची नाजूक नक्षी. आत नऊ खोल्या.

हे घर पेट्रोनेला ओर्टमन या बाईंचं. पहिला नवरा गेल्यावर 1686 साली त्यांनी योहानेस ब्रांट या रेशमाच्या व्यापाऱ्याशी लग्न केलं आणि तेव्हापासून साधारण 1710 पर्यंत हे घर सजवलं. वीस ते तीस हजार गिल्डर, म्हणजे तेव्हाची डच नाणी, खर्च झाले म्हणतात. तेवढ्यात कालव्याकाठी खरं घर आलं असतं. त्या काळी आम्सटरडॅममधले श्रीमंत पुरुष शिंपले, नाणी, पदकं जमवून कपाटात मांडायचे. या बाईंनी आपल्या कपाटात संसार मांडला.

आणि काय संसार! बाळंतिणीची खोली वेगळी. स्वयंपाकघरं दोन: एकात रांधायची चूल, दुसऱ्यात चिनी मातीची भांडी पाहुण्यांना दिसतील अशी रचलेली. ही इवली भांडी बाईंनी थेट चीनमधून बनवून मागवली होती. मी वेंगुर्ल्याची. आमच्या गावातल्या डच वखारीच्या पडक्या भिंती लहानपणापासून पाहिलेल्या. पूर्वेकडचा माल ज्या डच कंपनीच्या जहाजांतून तिकडे जायचा, तिचीच ती वखार. त्यामुळे त्या नखाएवढ्या बश्यांकडे मला परकेपणाने बघताच येईना.

वरचा मजला दिसावा म्हणून कपाटापुढे पायऱ्या ठेवल्या आहेत. त्या चढले आणि मग हलवेना. वर माळा आहे. तिथे धुतलेले कपडे वाळत घालायची सोय, जळणासाठी पीटचा, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीचा, साठा, मोलकरणीची खोली. दिवाणखान्याच्या भिंतींवर चित्रकाराकडून निसर्गदृश्यं रंगवून घेणाऱ्या बाईला धुण्याची जागाही तितक्याच प्रेमाने करून घ्यावीशी वाटली, हे मला फार मोठं वाटतं. घर कशावर चालतं हे तिला ठाऊक होतं. कपडे धुतले कोणी, वाळले कुठे, घडी कशी बसली, याचा तिला अभिमान होता, आणि तो तिने लपवला नाही.

करणाऱ्यांचं काय? कपाट आम्सटरडॅममधल्या एका फ्रेंच सुताराने केलं एवढं सांगतात. काही चित्रकारांची नावं टिकली आहेत. पण ती टोपली विणणारी बोटं कोणाची? तो काचेचा पेला कोणी फुंकला? मोठ्या घरांसाठी काम करणारे कारागीरच ही छोटी कामंही घेत, म्हणून इथली खुर्ची खुर्चीसारखीच जोडलेली आहे, खेळण्यासारखी चिकटवलेली नाही. त्यांच्याविषयी जे कळतं ते त्या सांध्यांतूनच. मी एका खुर्चीचे पाय कितीतरी वेळ न्याहाळत होते.

याच संग्रहालयात आणखी एका पेट्रोनेलाचं घर आहे, पेट्रोनेला ड्युनुआ हिचं. आतल्या टाचण्यांच्या उशीवर 1676 हे साल आहे. पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं आणि हे बाहुलीघर लग्नात तिच्याबरोबर सासरी गेलं. वाचताक्षणी मला रुखवत आठवलं. तिच्या घरात बाहुल्या अजून आहेत. ओर्टमनबाईंच्या घरातल्या मेणाच्या बाहुल्या मात्र हरवल्या. याकोब आपेल या चित्रकाराने 1710 च्या सुमारास या घराचं चित्र काढलं, त्यात त्या दिसतात. ते चित्र पाहून पुन्हा घराकडे आले, तर खोल्या एकदम रिकाम्या वाटल्या, जणू सगळे आत्ताच उठून कुठे गेलेत.

दुसऱ्या दिवशी वार्मूसस्ट्राटला गेले. ब्रांट दांपत्य त्या रस्त्यावर राहायचं. आज तिथे खाण्यापिण्याची दुकानं आणि पर्यटकांची रेटारेटी. मी मान वर करून चालत होते. जुन्या घरांच्या माथ्याशी सामान वर ओढायचे आकडे अजून आहेत, आणि त्यांच्याखाली माळ्याच्या खिडक्या. एक उघडी होती. आत दोरीवर पांढरी चादर वाळत होती.