अर्थ एकच, पण शब्द वेगळा

आमच्या मराठीच्या बाई शब्दार्थ पाठ करून घ्यायच्या नाहीत, त्या फळ्यावर समानार्थी शब्दांची जोडी लिहायच्या आणि विचारायच्या की यातला कुठला शब्द स्वतःसाठी घ्याल आणि कुठला न आवडणाऱ्या माणसाला द्याल? काटकसरी आणि कंजूष. ठाम आणि हट्टी. जिज्ञासू आणि चोंबडा. वागणं तेच असतं, पण बोलणाऱ्याला तो माणूस आवडतो की नाही हे शब्दावरून लगेच कळतं. आणि उलटंही होतं, "वेडा" हा शब्द कोशात बघितला तर अपमानच आहे, पण आई "वेडा कुठला" म्हणते तेव्हा त्यात जेवढी माया असते तेवढी दहा गोड शब्दांत मावत नाही.

व्याकरणातला अभिधा, लक्षणा, व्यंजना, म्हणजे शब्दाचा सरळ, लाक्षणिक आणि सुचवलेला अर्थ, हा धडा बरेच जण मार्कांपुरता वाचतात, मला तो अख्ख्या पुस्तकातला सगळ्यात जिवंत भाग वाटतो. "सूर्य मावळला" एवढंच वाक्य, पण गुराख्यासाठी त्याचा अर्थ गुरं वळवा, चोरासाठी निघायची वेळ झाली, आणि कोणाची वाट बघत बसलेल्या बाईसाठी, अजून आला नाही. या न बोललेल्या अर्थालाच 9व्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने काव्याचा आत्मा म्हटलं. बाई हे शिकवताना इतक्या रंगायच्या की बेल झालेली कळायची नाही.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लिहायला बसले तेव्हा हाच तास आधी आठवला, कारण आज माझं पोट त्याच्यावरच चालतं. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते, रोज बातम्यांची कॉपी तपासते. तिथे मला दिसलं की मरण सगळ्यांना सारखं असलं तरी त्याचे शब्द सारखे नाहीत. मोठ्या माणसाचं निधन होतं, मजूर मात्र अपघातात "ठार" होतो. मोठ्यांसाठी "ते" आणि "यांचे", ट्रकच्या क्लीनरला "तो". यातलं एकही वाक्य खोटं नसतं, पण वाचणाऱ्याला कोणासाठी हळहळायचं आणि कोणाला नुसतं मोजायचं हे त्यातून सांगितलं जातं. मला याचा खरंच त्रास होतो. तसंच गर्दी आणि जमाव. गर्दी लग्नातही असते, पण जमाव म्हटलं की पुढे दगडफेकच येणार असं वाटतं, मग ते लोक नुसते रस्त्याच्या कडेला उभे का असेनात.

कोणी म्हणेल हे भावनेचं झालं, वस्तुस्थितीला काय फरक पडतो? तर 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना अपघातांच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला, प्रत्येक गटाला फक्त क्रियापद वेगळं. ज्यांना "एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या" अशा अर्थाचा शब्द मिळाला त्यांनी सरासरी ताशी 41 मैलांच्या आसपास वेग सांगितला, ज्यांना "एकमेकींना लागल्या" असा मिळाला त्यांनी सुमारे 32. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं की काच फुटलेली दिसली का. फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच! तरी जोरदार शब्द ऐकलेल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7. म्हणजे डोळ्यांनी बघितलेलंसुद्धा शब्द बदलून टाकतो, मग ज्याने काहीच बघितलं नाही त्या वाचकाचं काय.

आता माझ्या हातातून जाणाऱ्या कॉपीत अपघातात गेलेल्या प्रत्येकाला मी "मृत्यू" हाच शब्द लावते, नाव माहीत असो वा नसो, आणि "तो"च्या जागी "ते" करते. यावर डेस्कवर वाद होतात, हेडिंगला जागा नाही म्हणतात. पण ठार दोन अक्षरी आहे आणि मृत्यूपण दोनच अक्षरी, त्यामुळे ते कारण मी ऐकून घेत नाही.