सॅव्हेज रायफलचं बॅरल घरी बदलताना हेडस्पेस कसा चेक केला : माझा अनुभव

आधीच सांगतो, मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतो, ग्रीन कार्ड आहे. इथे फेडरल कायद्यात रायफलचा रिसीव्हर (बाकीचे भाग ज्याला जोडतात तो मुख्य सांगाडा) म्हणजे बंदूक, बॅरल (नळी) नुसता सुटा पार्ट, त्यामुळे तो ऑनलाइन मागवून घरी बसवता येतो. एच-वन-बी वाल्यांचे नियम वेगळे आणि बरेच कडक आहेत, ते नीट बघा. आणि भारतात बंदूक रिपेअर करायलाही आर्म्स अ‍ॅक्ट 1959 खाली लायसन्स लागतं, तेव्हा तिकडे हे वाचून कोणी पान्याला हात लावू नका.

माझ्याकडे सॅव्हेज 110 आहे, .308 विंचेस्टर काडतुसाची. मला टार्गेटसाठी जाड बॅरल हवं होतं. सॅव्हेजचं वैशिष्ट्य म्हणजे बॅरल नट. बॅरल आट्यांमध्ये पुढेमागे फिरवून हवं तिथे आणायचं आणि नट आवळून लॉक करायचं, लेथ लागत नाही. म्हणूनच ते घरी जमतं, पण म्हणूनच हेडस्पेसची सगळी जबाबदारी पण आपलीच, कारण फॅक्टरीने काहीच ठरवून दिलेलं नसतं.

हेडस्पेस म्हणजे काय तर बोल्ट (काडतुसामागे सरकून बंद होणारा दांडा) बंद असताना त्याच्या तोंडापासून चेंबरमध्ये (बॅरलमधल्या काडतूस बसायच्या जागेत) काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर. .308 ला ते खांद्यावरच्या (काडतूस मानेकडे निमुळतं होतं तिथल्या) ठरलेल्या व्यासाच्या रेषेपर्यंत मोजतात, .303 ला मात्र कडेच्या रिमवर. हे अंतर जास्त झालं तर फायर होताना पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) पुढच्या बाजूने चेंबरला चिकटते आणि मागचा भाग बोल्टपर्यंत ताणला जातो, पितळ बुडाच्या थोडं वर पातळ होतं आणि एखाद्या वेळी तिथेच तुटतं, मग 50-60 हजार पीएसआय दाबाचा गॅस रिसीव्हरमध्ये, म्हणजे तुमच्या तोंडासमोर. कमी झालं तर बोल्ट बंदच होत नाही. म्हणून "फॅक्टरीचा राउंड टाकून बघितला, बसला, झालं" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, राउंड ढिल्या चेंबरमध्ये पण मजेत बसतो. आणि घरात वर्कबेंचवर जिवंत काडतूस आणायचंच नाही, माझ्याकडे सगळा अ‍ॅम्युनिशन दुसऱ्या खोलीत कुलपात होता.

त्यासाठी गेज (काडतुसाच्या आकाराचे, अचूक मापाचे धातूचे तुकडे) घ्यावेच लागतात. गो वर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गो वर होता कामा नये. .308 चा गो गेज 1.630 इंच, नो-गो 1.634. फरक चार थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), साधारण 0.1 मिलिमीटर. सॅव्हेजचे आटे इंचाला 20, म्हणजे एक फेरा 50 थाऊ, म्हणजे गो आणि नो-गो मधलं सगळं अंतर बॅरलच्या 29 अंशांत संपतं! हा हिशोब केल्यावर नट आवळताना हात आपोआप जपून चालतो.

जुनं बॅरल काढणं हे ताकदीचं काम, त्यात सांगण्यासारखं फार नाही. बॅरल व्हाइस, नटचा खास पाना, आदल्या रात्री सोडलेलं पेनिट्रेटिंग ऑइल. नट सुटला की बॅरल हाताने येतं. आटे ब्रशने अगदी स्वच्छ केले, रिकॉइल लग (बंदुकीचा धक्का झेलणारी पट्टी) सरळ बसवला.

आता महत्त्वाचं. बोल्टमधला इजेक्टर (रिकामी पुंगळी बाहेर उडवणारी स्प्रिंगवाली खुंटी) काढा. बरेच जण हे टाळतात आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गडबड इथेच होते, कारण इजेक्टरची स्प्रिंग गेजला पुढे ढकलत असते आणि बोटांना कळतच नाही की अडतंय ते चेंबर की स्प्रिंग. पिन पंचने काढताना इजेक्टर उडतो, गॉगल घाला. फायरिंग पिन मी तशीच ठेवली, सॅव्हेज बोल्ट उघडताना कॉक होते (पिनची स्प्रिंग तेव्हाच ताणली जाते) त्यामुळे बंद करताना तिचा त्रास कमी.

गो गेज एक्स्ट्रॅक्टरखाली (बोल्टवरच्या पुंगळी धरणाऱ्या आकड्याखाली) सरकवला, बोल्ट बंद केला, बॅरल हाताने फिरवत आत नेलं, गेजला अलगद टेकलं की थांबलो आणि बॅरल धरून नट आवळला. मग तपासलं तर गो वरच बोल्ट शेवटच्या टप्प्यात घासत होता. नट आवळताना बॅरल पण केसभर सोबत फिरतं, हे व्हायचंच, म्हणून आवळल्यानंतर परत चेक करणं टाळून चालतच नाही. नट सोडला, बॅरल किंचित बाहेरच्या बाजूला फिरवलं, बॅरल व्हाइसमध्ये घट्ट, परत आवळला. आता गो वर हँडल दोन बोटांनी, जवळजवळ स्वतःच्या वजनाने खाली गेलं. नो-गो टाकला तर अर्ध्यातच थांबलं. तिथे जोर लावायचा नाही हं, जोर लावला तर बोल्टच्या लगचा (त्याला लॉक करणाऱ्या कानांचा) फायदा मिळून गेज चेंबरच्या खांद्यात रुतू शकतो.

अजून खात्री म्हणून गो गेजच्या बुडाला साध्या चिकटपट्टीचा एक थर लावला, साधारण दोन थाऊ. त्यावर बोल्ट थोडा जड पण बंद झाला, दुसऱ्या थरावर नाही. म्हणजे जागा घट्टच्या बाजूला, मला हवी तशी. मग नट आणि रिसीव्हरवर पेंट मार्करने एक आडवी रेघ मारली, नट हलला तर लगेच दिसावं म्हणून, आणि इजेक्टर परत बसवला.

रेंजवर फॅक्टरीचे राउंड एकेक करून मारले आणि प्रत्येक पुंगळी बघितली. बुडाच्या वर चकचकीत कडं दिसतंय का, आणि टोक वाकवलेली पेपरक्लिप आतून फिरवून खाच लागतेय का (या दोन्ही पितळ ताणून पातळ झाल्याच्या खुणा). काहीच नव्हतं.

रेमिंग्टन 700 वाल्यांनी मात्र हे वाचून घरी सुरू करू नका. त्याच्या ओरिजिनल बॅरलला नट नसतो, बॅरलचा खांदाच रिसीव्हरवर टेकतो, हेडस्पेस चुकला तर लेथवर धातू काढावा लागतो. ते गनस्मिथकडे द्या, पण गेजवर चेक केलं का हे त्यालाही विचारा.